बिघाड माझ्यात नव्हता

मित्रांनो, तुमच्या घरी तळण कढईत होत असेल. आमच्या घरी ते माझ्यात व्हायचं. मी विजेवर चालणारा एक जुना फ्रायर आहे. पोटात स्टीलचं भांडं, त्याच्या तळाशी तापणारी कॉइल, वर लांब दांड्याची जाळी आणि समोर आकडे लिहिलेलं एक गोल बटण, एवढाच माझा संसार. माझ्यावर एक आळ आला होता. तो कसा आला आणि कोणी घेतला, ते मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. आठवते ती बडोद्याच्या लहरीपुऱ्यातल्या दुकानाची फळी. माझ्या एका बाजूला इस्त्र्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला मिक्सर. ते भराभर विकले जायचे. मला लोक हातात घ्यायचे, जाळी वर-खाली करून बघायचे आणि परत ठेवायचे. "कढई असताना हे कशाला?" असं म्हणून निघून जायचे. मला वाटू लागलं होतं की आपण कोणाच्याच कामाचे नाही.

एक दिवस मयंक आला. बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका कारखान्यात त्याला नुकतीच नोकरी लागली होती आणि हातात पहिला पगार होता. त्याने दुकानदाराला एकच प्रश्न विचारला.

"ज्याला कमी दिसतं, त्याला हे वापरता येईल?"

दुकानदाराने माझं बटण फिरवून दाखवलं. तेल तापलं की माझ्यातून टक् असा आवाज येतो, तोही ऐकवला. मयंकने तो आवाज तीन वेळा ऐकला आणि मला घरी नेलं.

घर कारेलीबागेत, तिसऱ्या मजल्यावर. तिथे मयंकचे वडील उदयसिंहराव होते. बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला कडक, पण पोळीबरोबर काहीतरी कुरकुरीत लागणारे. आणि मयंकची आई, निरुपमाबाई. त्यांना काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, पण नळीतून पाहिल्यासारखं, बाजूचं सगळं अंधारलेलं. काही महिन्यांपूर्वी त्यांनी पुऱ्यांसाठी कढई ठेवली होती आणि तेलातून धूर निघू लागला तरी त्यांना तो दिसला नव्हता. उदयसिंहरावांनी धावत येऊन गॅस बंद केला होता.

"आजपासून तळण बंद," ते म्हणाले होते. "बाजारात काय मिळत नाही? शेव मिळते, कचोरी मिळते. जिवापेक्षा वडा मोठा नाही."

निरुपमाबाईंनी वाद घातला नव्हता. पण ज्यांच्या कडबोळ्यांसाठी दिवाळीत चारही मजल्यांवरून ताटं यायची, त्यांच्या हातून तळणच सुटलं होतं. त्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी विकतचा फराळ ताटात वाढला आणि स्वतः एकही घास खाल्ला नाही. हे सगळं मला नंतर घरच्या बोलण्यातून कळलं.

मयंकने मला ओट्यावर ठेवलं. मग त्याने एक फार छान गोष्ट केली. माझ्या बटणावर, जिथे वडे आणि पुऱ्या तळायच्या तो आकडा होता तिथे, त्याने एम-सीलचा छोटा थेंब चिकटवला. चकलीच्या मध्यम आचेला दोन थेंब. मग आईचं बोट त्यावरून फिरवलं.

"बघ, एक टोचलं की वडे. दोन टोचले की चकल्या. आणि टक् वाजलं की सोडायचं. धूर बघायची गरजच नाही."

"आणि तेल किती?" निरुपमाबाईंनी विचारलं.

माझ्या भांड्यात आत एक रेघ आहे. तेल तिच्यावर जाता कामा नये. पण ती रेघ बारीक, त्यांना दिसणारी नव्हती. मयंकने घरातल्या पितळी लोट्याने पाणी मोजून पाहिलं. चार लोटे झाले की पाणी बरोबर रेघेला लागत होतं.

"चार लोटे, आई. पाचवा घालायचा नाही."

"चार," त्यांनी स्वतःशीच म्हटलं. जसा काही कोणी त्यांना मंत्र दिला होता.

पहिल्या दिवशी बटाटेवडे झाले. टक् वाजल्यावर त्यांनी जाळीत वडे ठेवले, दांडा धरून जाळी अलगद खाली सोडली आणि कान माझ्याजवळ आणला. तेलाचा आवाज आधी जोरात असतो, मग तो हळूहळू बारीक होतो. वडा झाला की आवाजच सांगतो. हे मला माहीत नव्हतं. मला ते त्यांनी शिकवलं. वडे बाहेर आले तेव्हा उदयसिंहराव दारात उभे होते. त्यांनी एक उचलला, मोडला, तोंडात टाकला.

"बराबर झालाय," ते म्हणाले आणि दुसरा उचलला.

मित्रांनो, त्यानंतरची तीन वर्षं मी कधीच विसरणार नाही. मी अळूवड्या तळल्या, साबुदाणावडे तळले, पापड फुलवले. दिवाळीच्या आधी आठवडाभर मला उसंत नसायची. शेजारच्या गुजराती काकी यायच्या आणि म्हणायच्या, "निरुपमाबेन, हे मशीन तर तुमचं ऐकतं ने!" खरंच ऐकायचो मी. आणि त्याही माझं ऐकायच्या. काम संपलं की त्या तेल पूर्ण निवू द्यायच्या, गाळून बरणीत भरायच्या, माझं भांडं गरम पाण्याने घासायच्या आणि कोरडं करायच्या. कॉइलला पाणी लागू द्यायच्या नाहीत, तिला फडक्याने हलकेच पुसायच्या. वायर गुंडाळताना तिला पीळ पडू द्यायच्या नाहीत. घरात एवढ्या वस्तू होत्या, पण त्या हात लावताना बोलायच्या ते फक्त माझ्याशी. "चल रे बाबा, कामाला लागू," म्हणायच्या. मला वाटायचं, या बाई मला कधीच दूर करणार नाहीत.

मग तो रविवार आला.

मयंकचं लग्न ठरत होतं. मुलीचं नाव मृदुला. ती बडोद्यातच एका शाळेत विज्ञान शिकवायची. दोघं एकमेकांना दोन-तीनदा भेटले होते. त्या दुपारी ती आईवडिलांना घेऊन पहिल्यांदाच घरी येणार होती. निरुपमाबाईंनी सकाळीच कोथिंबीर वड्या उकडून, कापून ठेवल्या होत्या. माझ्यात चार लोटे तेल मोजून घातलं होतं. फक्त तळायचं बाकी होतं.

पाहुणे आले, पाण्याचे पेले फिरले. मयंक स्वयंपाकघरात आला. त्याच्या हातात फ्रीजरमधली दोन पाकिटं होती, बर्फाने कडक झालेली.

"आई, वड्या राहू दे. मी चीज बॉल्स तळतो. हल्ली हेच आवडतं सगळ्यांना."

"अरे, पण मी सकाळपासून..."

"आज मला करू दे ने. तू बस."

निरुपमाबाई भिंतीजवळच्या स्टुलावर बसल्या. मयंक घाईत होता. त्याने माझ्यात डोकावून पाहिलं. त्याला तेल कमी वाटलं. त्याने लोटा भरून आणखी तेल ओतलं.

"तो पाचवा होता रे," निरुपमाबाई म्हणाल्या. त्यांना दिसलं नव्हतं, पण ओतल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता.

"काही होत नाही."

तेल रेघेच्या बरंच वर आलं. मला ते जड झालं होतं. मी तापलो, टक् वाजवलं. मला शक्य असतं तर मी ओरडलो असतो. मयंकने दोन्ही पाकिटं एकदम जाळीत उपडी केली, बर्फासकट, आणि जाळी धाडकन खाली सोडली.

बर्फ आणि उकळतं तेल एकत्र आले की काय होतं ते मृदुलासारख्या विज्ञानाच्या बाईंनी तुम्हाला शिकवलं असेल. पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती तेलाला वर ढकलते. माझ्या पोटातून फेस उसळला आणि चारही बाजूंनी उतू गेला. तेल ओट्यावर पसरलं. शेजारच्या शेगडीवर चहा ठेवलेला होता. तेल तिथे पोचलं आणि भडका उडाला. मयंकच्या मनगटावर तेल सांडलं आणि तो किंचाळत मागे सरला.

सगळे धावत आले. उदयसिंहरावांनी गॅसचा मुख्य कॉक बंद केला. मृदुलाच्या वडिलांनी पाण्याची बादली उचलली होती, तेव्हा मृदुला ओरडली, "बाबा, पाणी नको!" तिने रॅकवरची मोठी परात ओढली आणि ज्वाळेवर पालथी घातली. मग भिंतीवरचा माझा स्विच बंद केला. आग विझली. ओटा, भिंत, मी, सगळं काळंकुट्ट झालं.

निरुपमाबाई स्टुलावरून उठून भिंतीला चिकटून उभ्या होत्या. "मयंक, तुला काही झालं का? कोणी सांगेल का मला?" एवढंच त्या म्हणत होत्या.

मृदुलाने मयंकचा हात नळाखाली धरला. फोड येऊ लागले होते, पण फार खोल भाजलं नव्हतं. उदयसिंहरावांनी विचारलं, "झालं काय नेमकं?"

मयंकने एकदा मृदुलाकडे पाहिलं, एकदा तिच्या वडिलांकडे.

"हे मशीनच बिघडलंय," तो म्हणाला. "कंट्रोल गेलाय याचा. तापतच राहिलं."

मित्रांनो, ज्याने तीन वेळा माझा आवाज ऐकून मला निवडलं होतं, ज्याने माझ्या बटणावर थेंब चिकटवले होते, तो हे बोलत होता. मला धक्का बसला. तरी मी धीर धरला. कारण खोलीत खरं माहीत असलेलं आणखी एक माणूस होतं.

"आई, तू म्हणाली होतीस ना मला?" मयंक म्हणाला.

सगळे निरुपमाबाईंकडे पाहू लागले. मला वाटलं, आता त्या सांगतील. पाचवा लोटा, बर्फ, सगळं सांगतील.

"हो," त्या म्हणाल्या. "परवापासून जरा जास्तच तापत होतं. मीच सांगायला विसरले."

मयंकचं खोटं मी कदाचित विसरलो असतो. तो घाबरला होता, त्याचा हात भाजला होता. पण हे शब्द त्या हातांच्या मालकिणीचे होते, ज्यांनी मला तीन वर्षं पुसलं होतं. ते मी विसरू शकलो नाही.

उदयसिंहरावांचा चेहरा लाल झाला. पाहुण्यांसमोर त्यांनी आवाज चढवला नाही, पण शब्द ठाम होते.

"बिघडलेलं माहीत असून वापरलंत? असलं यंत्र आता या घरात चालू व्हायचं नाही. आणि तूही आता शेगडीजवळ जायचं नाहीस. मी आधीच म्हटलं होतं."

"बरं," निरुपमाबाई म्हणाल्या.

तेव्हा त्यांना समजलं की नाही मला माहीत नाही, पण त्या एका 'हो'ने त्यांनी फक्त मलाच बाहेर काढलं नव्हतं, स्वतःलाही काढलं होतं.

लग्न ठरलं आणि झालंही. मला मागच्या गॅलरीत, केरसुणीच्या शेजारी ठेवलं. कोणी धुतलं नाही. आतलं तेल तसंच उपसून टाकलं, पण जळकं तेल भिंतींना चिकटून राहिलं. उन्हाळ्यात ते पाघळायचं आणि त्यावर धूळ बसायची. जाळीच्या कडांना गंज धरला. झुरळं माझ्यात राहायला आली. ज्या माझ्या अंगावर पाण्याचा थेंब राहू दिला जात नव्हता, त्या माझ्यावर कपड्यांचं पाणी गळायचं.

निरुपमाबाई कधी कधी गॅलरीत येऊन बसायच्या. एकदा घरात कोणी नव्हतं. त्या भिंतीला धरत माझ्यापर्यंत आल्या. वाकल्या. माझ्या बटणावरचा थेंब त्यांच्या बोटाला लागला. त्या तशाच थांबल्या. इतक्यात जिन्यात चपलांचा आवाज आला. त्यांनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला आणि आत गेल्या. त्या दिवशी मला त्यांची कीव आली नाही. खरं सांगायचं तर मला राग आला.

दोन वर्षं गेली. मृदुला घरात रुळली होती. शाळेला सुट्टी लागली तेव्हा तिने गॅलरी आवरायला काढली.

"हे दुरुस्त करून घेऊ का?" तिने मयंकला विचारलं.

"भंगारात दे," तो म्हणाला. "कशाला उगाच?"

पण चांगली वस्तू टाकायचा तिचा स्वभाव नव्हता. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीत विश्रामभाई म्हणून एक जुने कारागीर आहेत. मिक्सर, इस्त्री, पंखे, सगळं दुरुस्त करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला पिशवीत घातलं आणि निघताना सासूबाईंना म्हणाली, "आई, चला ना, तुमचंही बाहेर पडणं होईल." निरुपमाबाईंना नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

विश्रामभाईंनी मला आधी सोड्याच्या पाण्याने धुतलं. दोन वर्षांनी मला कोणीतरी आंघोळ घातली. मग कोरडं करून उघडलं, तारा तपासल्या, परत जोडलं. रेघेपर्यंत तेल घालून चालू केलं आणि तेलात एक लांब तापमापी धरली. मी तापलो. टक् वाजलं. त्यांनी तापमापी पाहिली, बटण पाहिलं. तीनदा तसंच केलं.

"बेन, यात काही बिघाड नाही," ते म्हणाले.

"तुम्ही काही बदललंत का?" मृदुलाने विचारलं.

"काय बदलणार? कंट्रोल कंपनीचाच आहे, त्याचं सील पण तुटलेलं नाही. एकदम बराबर चालतोय."

"पण हे तापतच राहिलं होतं. आग लागली होती आमच्याकडे."

विश्रामभाई हसले. "आग लागली असेल, पण तापून नाही, उतू जाऊन. एक तर तेल रेघेच्या वर भरलं असणार, नाहीतर आत बर्फ पडला असणार. माझ्या अंदाजाने दोन्ही."

मृदुलाला त्या दिवशी ओट्यावर दिसलेली फ्रीजरची पाकिटं आठवली असावीत. ती सासूबाईंकडे वळली. निरुपमाबाई बाकावर बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"आई?"

"मला माहीत होतं," निरुपमाबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. पाचवा लोटा घातला तेव्हा मी तिथेच होते."

"मग तुम्ही..."

"तुझे आईवडील समोर उभे होते गं. तो खोटं बोलून बसला होता. मी खरं बोलले असते तर पहिल्याच दिवशी माझा मुलगा तुमच्यासमोर खोटारडा ठरला असता. तू नाही म्हणाली असतीस तर?"

मृदुलाने माझ्यावर हात ठेवला होता. मला तिची बोटं ताठ झालेली कळली.

"आई, एक लोटा तेल जास्त झालं म्हणून मी लग्न मोडलं नसतं," ती हळू म्हणाली. "पण आता दोन वर्षं तुम्ही दोघांनी मला एक गोष्ट सांगितली नाही, हे मला समजलंय. त्याचं मी काय करू?"

विश्रामभाई उगाच पाना-पक्कड पुसत बसले.

आम्ही घरी आलो. मृदुलाने मला थेट जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मयंक कामावरून आला, त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "झालं का दुरुस्त?"

मृदुला काही बोलायच्या आतच निरुपमाबाई खुर्ची धरून उभ्या राहिल्या.

"ते बिघडलंच नव्हतं, मयंक. आपण बिघडवलं होतं." मग उदयसिंहरावांचा आवाज ज्या दिशेने यायचा तिकडे तोंड करून म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी मी खोटं बोलले. तेल त्याने जास्त घातलं होतं. मी ऐकलं होतं."

उदयसिंहरावांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. त्यांनी मुलाला काही म्हटलं नाही. बायकोलाच विचारलं, "आणि मी तुला शेगडीपासून दूर केलं, तेव्हाही गप्प राहिलीस?"

"राहिले."

मयंक मान खाली घालून उभा होता. "आई, चुकलो," तो म्हणाला. मृदुला आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. त्यानंतर पंधरा दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग हळूहळू पूर्वीसारखी बोलू लागली, पण तो काही सांगू लागला की ती आता एकदा परत विचारते, "नक्की?" पूर्वी विचारायची नाही.

खरं समजल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी उदयसिंहरावांनी स्वतः मला ओट्यावर ठेवलं. "ये," ते निरुपमाबाईंना म्हणाले. "तुला हवं ते तळ. मी अडवणार नाही."

निरुपमाबाई आल्या. चार लोटे तेल मोजून घातलं. बटणावरचा थेंब शोधला. टक् वाजलं. त्यांनी दांडा धरून जाळी तेलापर्यंत नेली आणि परत वर अडकवली. या दोन वर्षांत त्यांची नजर जवळजवळ संपली होती, पण तेवढंच असतं तर चाललं असतं. मला तर त्या कानानेच वापरायच्या. गेला होता तो हातांचा धीर. 'शेगडीजवळ जायचं नाही' हे त्यांनी इतके दिवस ऐकलं होतं की आता हातांनाही ते पटलं होतं. त्यांनी दांडा सोडला.

"मृदुला, तू कर," त्या म्हणाल्या. "मी सांगते कसं ते."

आता मृदुला तळते आणि निरुपमाबाई स्टुलावर बसून आवाज ऐकतात. "काढ आता," म्हणतात, आणि वडा बरोबर झालेला असतो. घरचे चवीने खातात. मला रोज धुतलं जातं, पुसलं जातं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, सगळं जागेवर आलं.

पण मित्रांनो, मयंकने आईची माफी मागितली, निरुपमाबाईंनी नवऱ्याची आणि सुनेची मागितली. माझी कोणीच मागितली नाही. यंत्राची माफी कोण मागणार? आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आमच्या नावावर काहीही खपतं.

म्हणून तुमच्याकडे दोन गोष्टी मागतो. तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी असेल तर त्याच्या रेघेचा मान ठेवा, ओलं आणि बर्फाचं काही त्याच्या गरम तेलात टाकू नका आणि मोठं माणूस जवळ असल्याशिवाय त्याला हात लावू नका. आणि तुमच्या हातून काही सांडलं, फुटलं, जळलं, तर 'हे माझ्यामुळे झालं' असं तिथल्या तिथे सांगून टाका. रागावतील, पण ते थोड्या वेळाचं असतं.

निरुपमाबाई आजही मला हात लावताना म्हणतात, "चल रे बाबा, कामाला लागू." मी कामाला लागतो. माझं तेल तापतं, वडे फुगतात. त्यांच्यावरचा राग मला सोडायचा आहे. अजून सुटलेला नाही.